गोवर आणि अक्काचा उंबरा

माझ्या मुलीला गोवर निघाला तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि तिला गोवराची लस टोचलेली नव्हती. हे एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. लस राहण्याचं कारणही काही मोठं नव्हतं. बाळंतपणाला मी माहेरी, साताऱ्याला गेले होते. मनू नऊ महिन्यांची झाली त्या आठवड्यात तिला सर्दी होती, म्हणून मी डोस पुढे ढकलला. मग बंगलोरला परतायचं निघालं, लसीचं कार्ड बाळंतपणाच्या सामानाबरोबर खोक्यात गेलं आणि खोकं माळ्यावर गेलं. मी बीएस्सी झालेली बाई. गल्लीतल्या बायकांना पाणी उकळून प्या म्हणून उपदेश करायची. पण स्वतःच्या पोरीचं कार्ड माळ्यावरून काढायला मला तीन वर्षांत सवड झाली नाही.

परवा नात्यातल्या एका मुलीनं फोनवर विचारलं, बाळाला सर्दी आहे, डोस पुढे ढकलला तर चालेल ना? मी तिच्यावर एवढी ओरडले की ती रुसून बसली. ती रुसली ते बरोबरच आहे, तिला बिचारीला काय ठाऊक. म्हणून आता सगळं लिहूनच टाकते.

गल्ली गप्प झाली

नव्वदीच्या दशकातलं, बंगलोरच्या कडेचं मारतहळ्ळी म्हणजे गावच होतं. माझ्या सासरची माणसं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपासून तिथलीच. घरात मराठी बोलत आणि त्यात निम्मं कन्नड. घरात आम्ही चौघं. मी, माझा नवरा यशवंत, मनू आणि यशवंतची थोरली बहीण, अक्का. आईवडील गेल्यावर यशवंतला अक्कानंच वाढवलं, त्यामुळे तिच्या शब्दापुढे त्याचा शब्द नसे. अक्काला एक मुलगा होता आणि तो लहानपणीच गेला, एवढंच मला लग्नाच्या वेळी कळलं होतं. कसा गेला ते कुणी सांगितलं नाही. त्याचं नावही घरात कुणी घेत नसे.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता कोपऱ्यावरच्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला. दोन दिवसांनी त्याच्या समोरच्या दाराला. मग आमच्या बाजूला, एक घर सोडून. डहाळा लागला की ते दार बंद होई आणि त्या घरातलं मूल दिसेनासं होई. कुणी आजार म्हणत नसे, कुणी चौकशी करत नसे. बायका त्या दारावरून जाताना बोलणं थांबवत आणि दार मागे पडलं की पुन्हा सुरू करत.

आठवडाभरात गल्लीतला गोंगाट गेला. संध्याकाळी चार वाजता पोरं शाळेतून यायची ती वेळ यायची, आणि कुणीच यायचं नाही. कुणाचा तरी लाकडी भोवरा गटाराच्या कडेला पडला होता, तो चार दिवस तिथेच होता. मी घरात बसून त्या शांततेला कंटाळले आणि मग घाबरले. मनूला मी बाहेर सोडत नव्हते. पण त्याआधी ती कोपऱ्यावरच्या घरी खेळायला गेली होती, तेव्हा उशीर झालाच होता.

एक खोटं

मनूला ताप आला, खोकला आला, डोळे लाल झाले. यशवंत आणि मी तिला मोठ्या रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "गोवराची लस दिलेली आहे ना?"

यशवंत शेजारी उभा होता. लसीचं सगळं बघितलंय असं मी त्याला आधीच सांगून ठेवलेलं. मी म्हणाले, "हो."

"मग घाबरू नका. साधा व्हायरल असेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तापाचं औषध लिहून दिलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आपणच सांगितलेल्या खोट्यावर आपलाच विश्वास बसतो, तसं काहीतरी.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का मनूचे केस विंचरत होती. कानामागे पोचल्यावर फणी थांबली. अक्कानं केस बाजूला करून बघितलं, फणी खाली ठेवली, उठून मनूच्या समोर आली आणि चार वर्षांच्या पोरीला तिनं हात जोडले.

"अम्मा आल्या," ती म्हणाली.

अम्मा

गोवर म्हणजे देवी घरात येते, हे मीही लहानपणी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या पोरीच्या अंगात तिला बसलेली बघणं वेगळं. दुपारपर्यंत आमच्या दाराला डहाळा लागला. आतल्या खोलीची खिडकी जुन्या लुगड्यानं झाकली. मनूच्या अंथरुणावर कडुलिंबाची पानं पसरली. घरात फोडणी बंद झाली, मोहरीचा तडतडाट नाही, मसाल्याचा वास नाही. मनूला दहीभात, ताक, शहाळं. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कुणी केस विंचरायचे नाहीत. आणि अम्मा जाईपर्यंत, म्हणजे हळदीकडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ होईपर्यंत, मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही.

यातलं पुष्कळसं चांगलंच होतं, हे मी आज कबूल करते. डोळ्यांना त्रास देणारा उजेड नाही, पोटाला सोसेल असं खाणं, घरात परका माणूस नाही. डॉक्टरही याहून वेगळं काय सांगणार होते? उंबऱ्याची गोष्ट तेवढी सोडून.

आणि सगळं मनूला विचारून व्हायचं. अक्का तिच्यासमोर मांडी घालून बसायची आणि विचारायची, "अम्मा, दहीभात आणू काय? स्वल्प घ्या की." मनूनं मान हलवली तर आणायची. "अम्मा, पांघरूण घालू?" मनू काही बोलली नाही तर घालायची नाही. माझी पोरगी, जिला मी कालपर्यंत दूध सांडलं म्हणून धपाटा घालत होते, ती त्या अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडलेली, आणि घरातली सगळ्यात मोठी बाई तिच्या होकाराची वाट बघत बसलेली. मला तिला जवळ घ्यायचीसुद्धा भीती वाटू लागली. आई असून मी दारात उभी राहून तिच्याकडे बघायची.

दुसऱ्या दिवसापासून मनू भिंतीकडे सरकून झोपू लागली. मी तिला गादीच्या मध्ये ओढायची, ती पुन्हा सरकायची. शेजारी बरोब्बर एका मुलापुरती जागा ठेवायची. पाणी दिलं की अर्धं प्यायची आणि भांडं त्या जागेकडे सरकवायची.

"कुणाला देतेस गं?" मी विचारलं.

"त्याला."

"कोण तो?"

ती डोळे न उघडता म्हणाली, "तो बोलत नाही."

तापात मुलं काहीही बोलतात. माझी धाकटी बहीण तापात छतावरच्या मांजरांशी गप्पा मारायची. मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि तरी रिकाम्या जागेवर पाय पडू नये म्हणून गादीला वळसा घालून जाऊ लागले.

श्वास

पुरळ निघून तिसऱ्या दिवशी ताप उतरायला हवा होता. तो चढला. मनूचा श्वास भराभर चालू लागला, नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. हे वाचणाऱ्या आईबापांनी हा खड्डा लक्षात ठेवावा. तो दिसला की विचारत बसू नका, निघा.

मी यशवंतला म्हटलं, "अहो, रिक्षा आणा. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊ."

अक्का उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला लावून. "आंघोळीच्या आधी बाहेर नेलं की कोपतात. मला ठाऊक आहे. उद्यापर्यंत उतरेल."

"अक्का, पोरीला श्वास घेता येत नाही!"

"उतरेल म्हणते मी."

मी यशवंतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्का म्हणते तर एक दिवस थांबून बघू." संसारात नवऱ्याचा राग खूप वेळा आला, पण त्या क्षणी मला तो माणूस अनोळखी वाटला. मी आरडाओरडा केला. नको ते बोलले. अक्काला म्हणाले, तुमचं मूल असतं तर कळलं असतं. अक्काचा चेहरा हलला नाही. चौकटीवरचे हात तेवढे आणखी घट्ट झाले.

मग ती ताजी पानं आणायला परसात गेली. मी मनूच्या कानाशी वाकले. तिचा कान भाजत होता. "मनू, अक्का तुला विचारेल, बाहेर न्यायचं का. तू फक्त हो म्हण. एवढंच. हो म्हणायचं." तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. मी तीनदा सांगितलं.

अक्का आल्यावर मी म्हणाले, "दहीभात विचारता, पांघरूण विचारता. मग हेही अम्मांनाच विचारा."

अक्कानं हातातली पानं खाली ठेवली. मग मनूसमोर बसली. "अम्मा, तुम्हाला उंबऱ्याबाहेर न्यायचं म्हणतात. न्यायचं काय?"

मनूचे ओठ चिकटले होते. ते सुटायला वेळ लागला. "हो," ती म्हणाली.

मी तिला उचलायला खाली वाकले. तेवढ्यात ती पुन्हा बोलली. आवाज तिचाच होता, बसलेला, पण शब्द स्पष्ट. "त्यालाही घ्या."

"कुणाला?" अक्कानं विचारलं.

मनूनं हात उचलून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. "तो केव्हाचा थांबलाय."

अक्काच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. ती उठली, भिंतीला धरत बाहेरच्या दारापर्यंत गेली आणि तीन दिवस बंद असलेलं दार तिनं स्वतःच्या हातानं उघडलं. दुपारचं ऊन एकदम घरात आलं आणि आम्हा सगळ्यांना डोळे मिटावे लागले.

रिक्षात यशवंत पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला बसला. मागे मी मनूला मांडीवर घेऊन, आणि अक्का अगदी कडेला, अर्धी बाहेर. मध्ये हातभर जागा मोकळी होती. "अक्का, आत सरका की, पडाल," मी म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "जागा लागते." तिचा एक हात वाटभर त्या जागेवर होता.

वॉर्ड

गोवराच्या वॉर्डात मुलं रडतील असं मला वाटलं होतं. ती रडत नाहीत, नुसती खोकतात. एका खाटेवर दोन दोन मुलं आणि खाली जमिनीवर त्यांच्या आया. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लस?" या वेळी मी म्हणाले, "नाही दिली. आधीच्या डॉक्टरांना मी खोटं सांगितलं." त्यांनी लिहून घेतलं, रागावल्या नाहीत. यशवंतनं माझ्याकडे बघितलं आणि तो चहा आणायला गेला. परत आला तेव्हा माझ्याही हातात कप दिला. तोही त्या दिवशी कुणाकडे बोट दाखवण्याच्या स्थितीत नव्हता.

न्यूमोनिया झाला होता. इंजेक्शनं, ऑक्सिजन, डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्व. ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्याचे बुडबुडे मी पाच दिवस ऐकले. ते चालू आहेत म्हणजे सगळं चालू आहे असं धरून बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई कोलारकडची होती. तिची भाषा मला नीट येत नव्हती, माझी तिला अजिबात येत नव्हती. पण ती तिच्या थर्मासमधलं गरम पाणी मला न विचारता देत असे. एका सकाळी मी तोंड धुऊन आले तर तिच्या मुलाची खाट रिकामी होती. थर्मास खाटेखालीच राहिला होता. त्या दिवशी मी मनूचा हात एकदाही सोडला नाही.

पाचव्या दिवशी मनूनं डोळे उघडले आणि इडली मागितली. मग म्हणाली, अक्काच्या हातची हवी, ही नको. मी तिथे वॉर्डात हुंदके देऊन रडले. नर्स रागावली, पण हसत रागावली.

अक्काचा प्रश्न

घरी सोडायच्या आदल्या दिवशी अक्का आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. अक्कानं विचारलं, "सुधा, तू शिकलेली आहेस. मनूला इथं टोचलं ते इंजेक्शन गोपीच्या वेळी होतं काय?"

गोपी. ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"किती वर्षं झाली?"

"वीस झाली असतील."

मला उत्तर ठाऊक होतं. नाही म्हणणं सोपं होतं आणि दयेचंही ठरलं असतं. पण एका खोट्यानं माझी पोर कुठवर पोचली होती ते मी आत्ताच बघितलं होतं.

"होतं, अक्का," मी म्हणाले.

"सरी," ती कन्नडमधून म्हणाली, म्हणजे बरं. मग सांगू लागली. तो त्याच खोलीत होता. श्वास असाच चालला होता. तिनं उचलून घेतला होता, दारापर्यंत आली होती. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तिच्याच वडिलांनी अडवलं, म्हणाले, उद्या उतरेल. तिनं ऐकलं.

"तुझ्या मनूला नेलं आणि ती जगली, तर माझा गोपीही जगला असता. हेच मला नको होतं गं. म्हणून दारात उभी राहिले. अम्माचं नाव घेतलं, पण भीती माझीच होती."

मी म्हणाले, "अक्का, मनूला ते 'हो' मी शिकवलं होतं."

"ठाऊक आहे. मी परसात कुठं गेले होते? दारामागेच होते. तीनदा शिकवलंस." ती माझ्याकडे वळली. "आणि ते 'त्यालाही घ्या' कुणी शिकवलं?"

"मी नाही, अक्का."

तिनं मान हलवली. मी कितीतरी कारणं शोधून ठेवली आहेत. मनूनं कुणाचं तरी बोलणं ऐकलं असेल. त्या खोलीत बसून अक्का स्वतःशी पुटपुटत असेल. मनूला आज काहीच आठवत नाही. मला यातलं कुठलंच कारण पुरत नाही, आणि मी आता शोधणं सोडलं आहे.

दार

मनूची हळदीकडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली. ती मीच घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

कोपऱ्यापलीकडे एका दाराला ताजा डहाळा होता. आतून लहान मुलाचा खोकला ऐकू येत होता, भराभर, मध्ये दम न घेता. अक्कानं कडी वाजवली.

आतून बाईचा आवाज आला, कन्नडमधून. घरात अम्मा आहे, दार उघडत नाही.

मला वाटलं, अक्का म्हणेल की आमच्या घरी अम्मानंच सांगितलंय, पोराला घेऊन चल. ते ऐकून कुठल्याही बाईनं दार उघडलं असतं, आणि मी त्या साक्षीला तयारही होते. अक्का दाराला तोंड लावून उभी राहिली.

"मला एक मुलगा होता," ती कन्नडमधून म्हणाली. "गोपी. असाच खोकत होता. मी त्याला नेलं नाही."

आत काही ऐकू आलं नाही, नुसता खोकला. अक्का हललीच नाही. मग आतून कडी निघाली.